थोरला सगळं सांगायचा, धाकटी घरात गप्प असते. आमचं काही चुकतंय का?

चुकतंय असं मला तरी वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की लेक नववीत आहे, काही विचारलं की 'काही नाही' म्हणून खोलीत जाते आणि एकाच मैत्रिणीशी तासभर फोनवर बोलते. थोरला मात्र या वयात बूट काढता काढता अख्खी शाळा सांगून मोकळा व्हायचा. आणि तुम्ही दोघंही बडबडे, हेही तुम्हीच लिहिलंय. खरी मेख तिथेच आहे.

मैत्रीण तिने निवडलीये, स्वतःला मानवेल अशी. आईबाप निवडता येत नाहीत. म्हणून स्वभावाची कुरबुर घरात दिसते, बाहेर नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत माग ठेवला. काही मुलं कुठेही चटकन रुळतात, काहींना वेळ लागतो, काहींचा राग-लोभ सगळाच टोकाचा. पण नुसत्या स्वभावावर पुढचं ठरत नाही. त्याचा घरच्यांच्या अपेक्षांशी मेळ बसतो का, हे महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. थोरल्याचा तुमच्याशी मेळ आपोआप बसला. त्यात तुमचं कौतुक नाही आणि धाकटीच्या बाबतीत दोषही नाही.

मी नववी-दहावीला शिकवतो. एका पालकसभेत अशाच मुलीला विचारलं, "प्रोजेक्ट कुठवर आला?" ती आठवायला लागली तेवढ्यात आई म्हणाली, "बोल की गं, सर काय विचारतायत!" लगेच वडील, "घरीपण अश्शीच." पोरगी वहीचा कोपरा दुमडत बसली, उत्तर राहिलंच. हीच मुलगी मधल्या सुट्टीत जिन्यात बसून मैत्रिणीला रक्ताभिसरण हातवारे करून समजावते. ती मैत्रीण मध्ये बोलत नाही, एवढंच.

मूल गप्प, म्हणून आपण जास्त विचारतो. आपण विचारतो, म्हणून ते आणखी मिटतं. मग आपण फोन तपासायला लागतो. म्हणजे आपण पोरांना वळण लावतो म्हणतो, पण पोरांचा स्वभावही आपल्याला वळण लावत असतो. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी 14 वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. पालकांना मुलांविषयी जे माहीत असतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. खोदून विचारून किंवा नियम घालून फारसं कळत नाही, असं त्यात दिसलं. (बोलकी पोरंही सगळं सांगत नाहीत बरं का, सांगण्याजोगं तेवढं सांगतात.)

तेव्हा समोर बसवून चौकशी नको. स्कूटरवर मागे बसून किंवा भाजी निवडताना पोरं जास्त बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. विचारलंत तर उत्तराची वाट बघा. 'दादा बघ कसा होता' हे वाक्य घरातून हद्दपार करा, आणि त्या मैत्रिणीवरून टोमणे मारू नका.

एक मात्र बघा. मुळात बोलकी असलेली मुलगी अचानक गप्प झाली, त्या मैत्रिणीलाही टाळू लागली, झोप-जेवण बिघडलं, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. शाळेतल्या समुपदेशकांना भेटा, नाहीतर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेला 14416 वर फोन करा. ती चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.