सांगलीत गरीब वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला महापालिकेचे अनुदान मिळू शकते का?

मिळू शकते, मात्र महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याण, दिव्यांग कल्याण यांसाठी स्वतंत्र तरतूद असते, त्यामुळे ‘गरिबांना मदत’ असा मोघम अर्ज न करता आपले काम कोणत्या लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातील खर्चाच्या सदरात) बसते हे आधी पाहावे. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि त्याचे अंदाजपत्रक त्याआधीच तयार होते, म्हणून दिवाळीनंतर लगेच संबंधित विभागात जाऊन भेटावे. संस्थेची नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल लागतातच. खरी कसोटी मात्र पैसे मिळाल्यानंतर लागते. आमच्या शिवणवर्गाला मिळालेल्या एका अनुदानाचा दुसरा हप्ता, दोरा-सुयांच्या पावत्यांवर तारखाच नसल्याने उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) देता न आल्यामुळे, अडकला आणि तेवढे महिने शिकवणाऱ्या ताईंचे (त्यांचे घर त्याच मानधनावर चालते) मानधन थकले. प्रत्येक पावती तारखेसह त्याच दिवशी वहीत चिकटवावी.