एकट्याच्या वाक्याला 'संवाद' म्हणावं का?

प्रश्न : चित्रपटातलं एकाच पात्राच्या तोंडचं एखादं वाक्य गाजतं आणि वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी राहतं. त्याला 'गाजलेला संवाद' म्हणतात. संवादाला तर दोघं लागतात. मग एका वाक्याला 'संवाद' म्हणणं चूक नाही का? 'डायलॉग'साठी याहून नेमका मराठी शब्द आहे का? आणि एवढ्या वाक्यांतून हीच का लक्षात राहतात?

चूक नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'कथा, पटकथा, संवाद' असं लिहिलेलं असतं. तिथे 'संवाद' म्हणजे पात्रांनी बोलायचा सगळा मजकूर. त्यात दोघांचं बोलणं येतं, एकट्याचं स्वगत येतं, कोर्टातलं लांबलचक भाषणही येतं. त्या मजकुरातल्या एका तुकड्यालाही 'संवाद' म्हणायचं, ही अर्थाची सरळ वाढ आहे. 'कविता' हा शब्द साहित्यप्रकारालाही चालतो आणि एका रचनेलाही, तसंच हे.

शब्दाच्या मुळाकडे गेलं तरी अडत नाही. सम् + वद् म्हणजे एकत्र बोलणं, आणि त्यातूनच जुळणं, मेळ बसणं. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी 'श्रीकृष्णार्जुनसंवादे' येतं, तिथे दोघं आहेतच. पण तुकोबा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' या अभंगात म्हणतात, 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. माणूस एकटा, तरीही संवाद. म्हणजे मराठीत या शब्दाला दोन देह कधीच सक्तीचे नव्हते, दोन बाजू असल्या की पुरे. जाता जाता, 'डायलॉग'मधल्या 'डाय'चा अर्थ 'दोन' असा अनेकजण लावतात, तो बरोबर नाही. ग्रीकमध्ये ते 'दिआ' आहे, त्याचा अर्थ 'मधून, आरपार'. तिथेही माणसं मोजलेली नाहीत.

व्यवहारात मात्र मराठीने या दोन शब्दांची कामं वाटून दिली आहेत, आणि ती वाटणी पाळण्यासारखी आहे. संवाद साधतात, संवाद खुंटतो, तुटतो, संवाद लिहितात. डायलॉग मारतात, फेकतात, पाठ म्हणतात. 'मुलांशी डायलॉग साधा' असं कोणी म्हणत नाही आणि 'उगाच संवाद मारू नकोस' असंही नाही. 'डायलॉग'मध्ये आव, फेक आणि ऐकणाऱ्यावर टाकलेला प्रभाव गृहीत असतो. म्हणून 'डायलॉगबाजी' हा शब्द तयार झाला, 'संवादबाजी' झाला नाही. चित्रपटाबद्दल लिहिताना दोन्ही चालतात, पण पात्राच्या तोंडी शांतपणे आलेल्या वाक्याला 'डायलॉग' म्हटलं की त्यावर नसलेला आव चढतो. अशा वेळी 'गाजलेलं वाक्य' हा सगळ्यांत स्वच्छ प्रयोग. तो कुठेही अडत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. 'टाळीचं वाक्य' हा नाटकाकडून आलेला प्रयोग, ज्या वाक्याला प्रेक्षागृहात प्रतिसाद मिळावा म्हणून जागा सोडलेली असते त्याच्यापुरता. 'पालुपद' म्हणजे पात्र पुन्हा पुन्हा म्हणतं ते, मुळात गाण्याचं ध्रुपद. एकदाच आलेल्या वाक्याला पालुपद म्हणू नये. 'अवतरण' हे उद्धृत करण्याच्या क्रियेचं नाव आहे, वाक्याच्या गुणाचं नाही. 'सुभाषित' आणि 'सूक्ती' यांत उपदेश अपेक्षित असतो. 'म्हण' तेव्हाच, जेव्हा बोलणाऱ्याला मूळ चित्रपट ठाऊकही नसतो. 'अजरामर' हे विशेषण इतकं झिजलं आहे की ते गाळलेलंच बरं.

'संवाद' शब्दाची बाजू घेण्याचं माझं खरं कारण पुढे आहे, आणि ते तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. गाजलेलं वाक्य पाहा, ते बहुतेक वेळा कशाचं तरी उत्तर असतं. एकटं उभं दिसत असलं तरी त्याचा दुसरा अर्धा भाग आपण मनात धरूनच ते म्हणतो.

'दीवार' (१९७५) मधलं 'मेरे पास माँ है' घ्या. चारच शब्द, त्यांत एकही अवघड नाही. नुसतं वाचलं तर ते माहिती देणारं साधं विधान आहे. त्याच्या आधी मोठा भाऊ यादी वाचतो : बिल्डिंग, प्रॉपर्टी, बँक बॅलन्स, बंगला, गाडी. मग विचारतो, तुझ्याकडे काय आहे? उत्तर देणारा 'मेरे पास … है' हा त्याचाच साचा उचलतो आणि मोकळ्या जागेत एकच शब्द ठेवतो. साचा ओळखीचा, शब्द अनपेक्षित. आधीचे पाचही शब्द मिळवता येणाऱ्या वस्तूंचे, सहावा वेगळ्याच जातीचा. शिवाय यादी लांब आणि उत्तर तोकडं, त्यामुळे वाक्य संपल्यावर जी शांतता पडते तीही त्याचाच भाग होते. उत्तर देणाऱ्याने 'आई माझ्या बाजूला आहे' असा वेगळा साचा वापरला असता, तर अर्थ तोच राहिला असता आणि वाक्य विसरलं गेलं असतं.

हा केवळ अंदाज नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सुमारे १००० चित्रपटांच्या संहितांवर याची तपासणी केली. गाजलेल्या प्रत्येक वाक्याशेजारी त्याच पात्राचं, त्याच सुमाराचं, जवळपास तेवढ्याच लांबीचं पण न गाजलेलं वाक्य ठेवलं. चित्रपट न पाहिलेल्या लोकांनाही गाजलेलं वाक्य नुसत्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त वेळा ओळखता आलं. म्हणजे प्रसिद्धीचं बीज वाक्याच्या घडणीत असतं. दोन गोष्टी दिसल्या. पहिली, शब्दांची जुळणी नेहमीपेक्षा वेगळी, पण वाक्यरचनेचा सांगाडा अगदी रुळलेला. दुसरी, वाक्य सुटं करून दुसरीकडे नेता येतं : 'तो', 'ती', 'ते' अशी मागच्या प्रसंगाला बांधणारी सर्वनामं कमी, भूतकाळ कमी, वर्तमानकाळ जास्त.

याची उलट बाजूही माहीत असायला हवी. एरवी आपण ऐकलेल्याचा अर्थ ठेवतो आणि शब्द सोडून देतो. जॅकलिन सॅक्स यांच्या १९६७ च्या प्रयोगात मध्ये अवघी ८० उच्चारी अक्षरं (सिलॅबल) ऐकवल्यावर श्रोत्यांना मूळ वाक्याच्या रचनेत केलेला बदल ओळखता येईनासा झाला. अर्थ बदलला तर मात्र लगेच कळत होतं. अर्ध्या मिनिटात शब्द गळतात, असा आपला स्वभाव. त्यामुळे एखादं वाक्य शब्दशः तीस-चाळीस वर्षं टिकतं तेव्हा त्यात शब्द बदलला की काहीतरी मोडतं, असं काहीतरी असावंच लागतं.

ते 'काहीतरी' कधी नाद असतो. 'डॉन' (१९७८) मधलं 'डॉन को पकडना मुश्किल ही नहीं, नामुमकिन है' घ्या. 'मुश्किल'मधला 'मु' पुढच्या शब्दात पुन्हा येतो, 'ही नहीं' पायरी तयार करतं आणि 'नामुमकिन' एक पायरी वर चढतो. 'कठीण नाही, अशक्य आहे' असा अर्थ सांगून हे साधत नाही. आणखी एक, बोलणारा स्वतःला 'मुझे' म्हणत नाही, नाव घेतो. त्यामुळे त्या जागी कोणाचंही नाव बसवता येतं. अशी रिकामी खुर्ची असलेली वाक्यं सर्वांत दूर जातात.

कधी ते 'काहीतरी' व्याकरण असतं. मराठीतलं सर्वोत्तम उदाहरण 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधलं 'हा माझा बायको पार्वती'. मराठीत दर्शक सर्वनाम आणि संबंधी विशेषण दोन्ही नामाचं लिंग घेतात : 'ही माझी बायको'. इथे नियम एकदा नाही, दोनदा मोडला आहे, आणि तोही ठरावीक दिशेने. डोळ्यांना दिसतो आहे बायकोच्या वेशातला पुरुष. जीभ पुरुषाचं लिंग लावते आणि 'बायको' या शब्दापाशी सोंग सावरायला जाते. सोंग आणि सत्य दोन्ही चार शब्दांत, फक्त प्रत्ययांच्या जोरावर. ते सुधारून म्हणा, विनोद जागेवर संपतो.

त्याच चित्रपटातलं 'सत्तर रुपये वारले' हेही तसंच. 'वारणे' हे मराठीतलं आदराचं क्रियापद, ते माणसांपुरतं राखून ठेवलेलं आहे. जनावर मरतं, झाड वाळतं, पैसे बुडतात, माणूस वारतो. पैशांना माणसाचं क्रियापद लावल्यावर बुडीत रकमेचा शोक आपोआप उभा राहतो. सांगाडा रुळलेला, जुळणी वेगळी, हा वरचा निष्कर्ष इथे मराठीतच पडताळून मिळतो.

पण 'धनंजय माने इथेच राहतात का?' या प्रश्नात यातलं काहीच नाही. शब्द रोजचे, जुळणी रोजची, नाद नाही, नियमही मोडलेला नाही. 'इथे'ला लागलेला 'च' तेवढा लक्ष देण्यासारखा. 'इथे राहतात का' हा नुसता पत्ता विचारणं आहे. 'इथेच' म्हणणाऱ्याच्या मनात पत्ता आधीच आहे आणि आता खात्री हवी आहे. तरीही एवढ्याने वाक्य चाळीस वर्षं टिकत नाही. ते टिकलं ते प्रसंगामुळे. 'शोले' (१९७५) मधला 'कितने आदमी थे?' हा प्रश्नही याच जातीचा. तीन साधे शब्द, त्यात भूतकाळ. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे, ही गोष्ट फक्त प्रसंगातून कळते.

म्हणून माझ्या मते दोन जाती वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, शब्दांवर उभी असलेली वाक्यं. चित्रपट न पाहिलेल्यालाही ती पकडतात. दुसरी, प्रसंगावर उभी असलेली. ती पाहिलेल्यांमध्ये परवलीच्या शब्दासारखी चालतात, इतरांना त्यात काहीच दिसत नाही. चित्रपट न पाहिलेल्यांकडून निवड करून घेणाऱ्या प्रयोगाला दुसरी जात सापडणं अवघड, हे लक्षात ठेवूनच त्याचे निष्कर्ष वापरावेत.

लोक वाक्य चुकीचं का उद्धृत करतात, त्याचं उत्तरही वर म्हटलेल्या, मनात धरलेल्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मधलं खलनायक डार्थ व्हेडरचं नायक ल्यूकला उद्देशून असलेलं वाक्य 'ल्यूक, मी तुझा बाप आहे' अशा अर्थाने जगभर सांगितलं जातं. प्रत्यक्षात सुरुवात 'नो' ने होते : 'नाही, मी तुझा बाप आहे.' ल्यूक आधी म्हणतो, तूच माझ्या वडिलांना मारलंस, त्याला ते 'नाही' आहे. वाक्य सुटं केलं की 'नाही' लोंबकळत राहतं, म्हणून लोकांनी तिथे संबोधन बसवलं. 'कासाब्लांका' (१९४२) मध्ये 'प्ले इट अगेन, सॅम' असं कोणीच म्हणत नाही. नायिका इल्सा पियानोवादक सॅमला म्हणते, 'प्ले इट, सॅम.' तो 'अगेन' लोकांनी घातला, कारण ते गाणं पूर्वीही वाजत असे हा सगळा संदर्भ त्या एका शब्दात मावतो. अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी १९७० मध्ये ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला कळवलं ते 'वुईव्ह हॅड अ प्रॉब्लेम', म्हणजे अडचण येऊन गेली. त्यावरच्या १९९५ च्या 'अपोलो १३' चित्रपटाने ते 'वुई हॅव अ प्रॉब्लेम' असं वर्तमानात आणलं, आणि आज तेच म्हटलं जातं. तिन्ही बदल वाक्य सुटं करण्याच्या दिशेने झाले आहेत. लोकांची स्मरणशक्ती इथे संपादकाचं काम करते.

लेखात असं वाक्य उद्धृत करायचं असेल तर मीम, ट्रेलर किंवा पुरस्कार सोहळ्यातली नक्कल प्रमाण मानू नका. मूळ प्रसंग एक मिनिट आधीपासून ऐका, म्हणजे आधीचा प्रश्न हाती लागतो. उपशीर्षकांवर विसंबू नका. ती सहसा दोन ओळींत, ओळीला साधारण ४० अक्षरांत बसवायची असतात, त्यामुळे 'तर', 'ही', 'च' हेच सर्वांत आधी कापले जातात, आणि बहुतेक वेळा वाक्याचा जीव नेमका तिथे असतो. डब केलेल्या आवृत्तीत ओठांच्या हालचालीशी जुळवण्यासाठी शब्द बदलतात, तेव्हा भाषा कोणती ते लिहा. हिंदी वाक्य हिंदीतच ठेवा, गरज असेल तर पुढे अर्थ सांगा.

श्रेय देताना नटाबरोबर संवादलेखकाचंही नाव द्या. 'दीवार', 'शोले' आणि 'डॉन' तिन्ही सलीम-जावेद यांचे, 'बनवाबनवी'चे संवाद वसंत सबनीस यांचे. फेक नटाची असते, पण 'वारले' हे क्रियापद निवडणं हे लेखणीचं काम.

लेखनाबद्दल शेवटचं : 'डायलॉग' आणि 'संवाद' दोन्ही पुल्लिंगी, आणि अनेकवचनात दोन्ही तसेच राहतात, 'ते डायलॉग', 'ते संवाद'. सामान्यरूप मात्र 'संवाद'चंच होतं : 'संवादाचा', 'संवादाला'. 'डायलॉग'ला प्रत्यय थेट लावावा, 'डायलॉगचा', 'डायलॉगला'. 'डायलॉगाचा' हे रूप रुळलेलं नाही आणि कानालाही खटकतं.