प्रयोगशाळेला पाणी किती लागतं, ते आधी मोजा

प्रश्न : जालन्यात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. नुकताच फुली ऑटोमॅटिक बायोकेमिस्ट्री अॅनालायझर घेतला. आतापर्यंत डिस्टिल्ड वॉटरचे कॅन विकत आणत होतो, आता ते परवडत नाही. एक डीलर म्हणतो, ताशी ६० लिटरचा पाणी शुद्ध करणारा प्लांट आणि ३०० लिटरची टाकी बसवा, पुढे बघायला नको. दुसरा म्हणतो, ताशी १० लिटरचा पुरे. नळाला रोज पाणी नसतं, बहुतेक दिवस बोअरवर भागवतो. त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ९०० आहे. नेमका केवढा प्लांट घ्यावा?

उत्तर : दोन्ही डीलरांनी आकडा सांगितला, पण तुम्हाला दिवसाला पाणी किती लागतं हे कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की दोन्ही कोटेशनं आठवडाभर बाजूला ठेवा आणि पाणी मोजा.

तुम्ही आज कॅन वापरता, ही मोजायला मोठीच सोय आहे. मशीनला पाणी देणाऱ्या कॅनवर मार्करनं एकेक लिटरच्या खुणा करा. टेक्निशियननं दर तासाला खूण बघायची आणि वहीत वेळ आणि आकडा लिहायचा. सकाळी मशीन सुरू करतानाचं वॉश आणि रात्री बंद करतानाचं वॉश वेगळं लिहा, कारण ते हिशेबातून हमखास सुटतं. मशीनच्या माहितीपत्रकात ताशी किती लिटर ते दिलेलं असतं, पण तो पूर्ण वेगाचा आकडा असतो. तुमचं मशीन दिवसभर पूर्ण वेगानं पळत नाही.

समजा सकाळचे चार तास ते ताशी ८ लिटर घेतं आणि संध्याकाळचे तीन तास ताशी ४. हे झाले ४४ लिटर. दोन्ही वॉशचे मिळून ३, एलायझा वॉशरला २, रिएजंट आणि स्टेन बनवायला ३, काचसामानाच्या शेवटच्या खळबळणीला १० आणि ऑटोक्लेव्हला ४. एकूण ६६ लिटर. उद्या एखादी टेस्ट वाढेल, कॅम्पचा दिवस येईल, म्हणून वर पाव हिस्सा धरा. साधारण ८३. प्लांट दिवसाला आठ तास चालेल असं धरलं, तर ताशी साडेदहा लिटर शुद्ध पाणी हवं.

मग ताशी १० चा घ्यायचा का? तेही नाही. प्लांटमधल्या आरओ मेम्ब्रेनची, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याची, क्षमता २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर मोजलेली असते. पाणी एका अंशानं थंड झालं की उत्पादन अंदाजे ३ टक्क्यांनी घटतं. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १८ अंशांवर आलं, तर ताशी १५ लिटरचा प्लांट १२ च्या आसपास देतो, आणि १० चा जेमतेम ८. शिवाय मेम्ब्रेन जुनं होतं तसं उत्पादन आणखी उतरतं. तेव्हा तुमच्या मोजणीत आकडे वर धरल्याप्रमाणेच निघाले, तर ताशी १५ चा प्लांट घ्या.

टाकीचा विचार वेगळा करायचा. सकाळी आठ ते बारा या वेळात मशीनचे ३२ आणि बाकीची कामं मिळून तुमच्याकडे ४५ लिटरच्या घरात पाणी लागेल. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर अॅनालायझर यूपीएसवर चालू राहील, पण प्लांटचा पंप बंद पडेल. म्हणून सकाळचं सगळं काम निभावेल एवढी, म्हणजे ५० लिटरची टाकी हवी. रोज ६६ लिटर वापर असला की त्या टाकीतलं पाणी दिवसातून एकदा तरी पुरतं बदलतं.

आता तो ६० लिटरचा प्लांट. तुमचं दिवसाचं पाणी तो तासाभरात करून मोकळा होईल आणि उरलेले तेवीस तास नुसता उभा राहील. ३०० लिटरची टाकी रिकामी व्हायला साडेचार दिवस लागतील. पाणी शुद्ध केलं की त्यातलं क्लोरीनही जातं, म्हणजे जिवाणूंना अडवणारं त्यात काही उरत नाही. मी सांगलीत ज्या रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागाचं काम पाहिलं, तिथे अशीच गरजेपेक्षा मोठी टाकी होती. सोमवारी सकाळी रिएजंट ब्लँक (नमुना न घालता घेतलेलं रीडिंग) वर गेलेला दिसायचा आणि सगळे रिएजंटच्या बॅचला दोष द्यायचे. एकदा टाकीचं झाकण काढून आतल्या भिंतीवरून हातमोज्यातलं बोट फिरवलं, तर भिंत शेवाळलेल्या पायरीसारखी बुळबुळीत. रविवारभर उभ्या राहिलेल्या पाण्यात जिवाणूंचा थर धरलेला होता. मीटरवर मात्र पाण्याची वाहकता अगदी कमी, म्हणजे उत्तम, दिसत होती. जिवाणू वाहकतेच्या मीटरला दिसत नाहीत. त्यांच्यातून सुटणारी एंझाइम्स मात्र तुमच्या एंझाइमच्या टेस्टमध्ये लुडबुड करतात. खनिजं राहिली तर कॅल्शियम, मॅग्नेशियमचे रिपोर्ट चुकतात. त्या रिपोर्टवर कुणाचं तरी औषध ठरणार असतं, म्हणून मी या बाबतीत इतकी आग्रही आहे. गरजेपेक्षा मोठा प्लांट घेतला म्हणजे आपण सुरक्षित झालो, ही समजूत कृपा करून सोडा.

दर्जाबद्दलही थोडं. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठी सीएलएसआय या संस्थेनं घातलेल्या निकषांत पाण्याचा रोध (क्षार जितके कमी तितका तो जास्त) किमान १० मेगाओहम-सेंटिमीटर, दर मिलिलिटरला जिवाणूंच्या १० पेक्षा कमी वसाहती, सेंद्रिय कार्बन ५०० पीपीबीपेक्षा (अब्जात ५०० भागांपेक्षा) कमी आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणी हे मुद्दे येतात. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये काय मागितलंय ते आधी वाचा, ते बंधनकारक समजा. ऑटोक्लेव्हला आणि काच धुवायला मात्र इतकं भारी पाणी लागत नाही. आरओनंतर, डीआय कार्ट्रिजच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळकांड्याच्या) आधी, एक वेगळा नळ काढून मागा. वरच्या हिशेबातले १४ लिटर रेझिनवरून जाणं वाचेल.

आणि बोअरचं पाणी. टीडीएस ९०० आणि मेम्ब्रेननं ९६ टक्के क्षार अडवले, तरी ३६ शिल्लक राहतात आणि ते रेझिनवर येतात. नळाचं ४५० टीडीएसचं पाणी मिळालं तर १८ च येतील आणि तेच रेझिन जवळपास दुप्पट टिकेल. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असलं की त्याबरोबर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड येतो. तो मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो आणि रेझिन खातो. म्हणून कोटेशन मागवण्याआधी बोअरच्या पाण्याचा कडकपणा आणि क्षारता तपासून घ्या, नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका. कडकपणा जास्त निघाला तर आधी सॉफ्टनर लागेलच. टँकरचं पाणी कधीमधी घेत असाल तर कार्बन फिल्टरही हवा, कारण ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतं.

छोटा आरओ साधारण ३० टक्के पाणी शुद्ध करून देतो आणि ७० टक्के सोडून देतो. म्हणजे ६६ लिटरसाठी तुम्हाला रोज २२० लिटर कच्चं पाणी लागेल आणि दीडशेच्या वर बाहेर जाईल. जालन्यात हे पाणी गटारात सोडणं मला पाहवणार नाही. त्याचा टीडीएस १२५० च्या पुढे असेल, तेव्हा झाडांना घालू नका. पण फरशी पुसायला आणि संडासाच्या फ्लशला चालतं. वेगळी टाकी आणि पाइप आधीच आखून घ्या, नंतर भिंती फोडायला कुणी धजत नाही.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी ताशी ४ लिटरचा डिस्टिलेशन प्लांट आहे. वीजबिल फार येतं. त्याऐवजी १८.२ मेगाओहमचं, म्हणजे अतिशुद्ध, पाणी देणारं मशीन घ्यावं असं काही सहकारी म्हणतात. विभागात एक एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ही आहे.

उत्तर : एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास पाऊण युनिट वीज लागतेच, ते टळत नाही. म्हणजे तुमचा प्लांट तासाला ३ युनिट घेतो, शिवाय थंड करायला वाहतं पाणी. तेव्हा बदल करा, तो योग्य आहे. पण टायट्रेशनला १८.२ मेगाओहम कशाला? आयएसओ ३६९६ या मानकात तीन दर्जे आहेत आणि नेहमीच्या रासायनिक कामाला तिसरा दर्जा, म्हणजे ५ मायक्रोसिमेन्सपर्यंत वाहकतेचं पाणी, पुरतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि कमी क्षारांचं असतं, म्हणून एक साधा आरओ आणि त्यामागे डीआय कार्ट्रिज तुमचं काम करील. पावसाळ्यातल्या गढूळपणासाठी आरओच्या आधी गाळणी चांगली बसवा.

तुमचं मोजमाप जालन्याच्या उलट आहे. लॅबला रोज थोडं थोडं लागतं, तुम्हाला प्रात्यक्षिकाच्या दिवशी एकदम लागतं. वीस विद्यार्थ्यांच्या दोन बॅच आणि माणशी दीड लिटर म्हटलं तर ६० लिटर, तेही काही तासांत. इथे ताशी ८-१० लिटरचा प्लांट आणि ६० लिटरची टाकी असं जमतं, कारण टाकी आदल्या दिवशी दुपारी भरता येते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत टाकी रिकामी करून, कोरडी करून ठेवा. उघडताना पहिलं टाकीभर पाणी काच धुवायला वापरा, द्रावणं बनवायला नको.

एचपीएलसीला आठवड्याला चार-पाच लिटर लागत असतील तर एचपीएलसी दर्जाच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेणंच स्वस्त पडेल. वापर रोजचा आणि त्याहून बराच मोठा असेल, तरच टाकीनंतर छोटा पॉलिशर (पाणी अतिशुद्ध करणारं मशीन) जोडा.

प्रश्न : आमच्या पॉलिशरवर १८.२ दिसतं, पण कॅनमध्ये भरून ठेवलेलं पाणी दुपारी मीटरनं बघितलं तर १ च्या आसपास येतं. मशीन बिघडलं आहे का?

उत्तर : नाही. इतकं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड झटकन शोषून घेतं आणि त्याचा रोध उतरतो. पीएचही ५.६ च्या जवळ जातो. मशीनच्या आत वाहत्या पाण्यावर दिसणारं रीडिंगच खरं धरा. त्या दर्जाचं पाणी साठवायचं नसतं. लागेल तेव्हा काढायचं, पहिला अर्धा लिटर सोडून द्यायचा आणि लगेच वापरायचं. तुम्हाला कॅन भरून ठेवावे लागत असतील तर पॉलिशरचा नळ कामाच्या टेबलापासून लांब आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी अडचण तिथेच असते, आणि नळाला जोडता येणारा लांब हाताचा डिस्पेन्सर घेतला की नव्या मोठ्या मशीनचा खर्च टळतो.