कावळा शिवत नाही तेव्हा

प्रश्न : ‘बलगम’ हा तेलुगू चित्रपट आईबाबांबरोबर पाहावा म्हणते. पण गोष्ट मरणानंतरच्या विधींची आहे आणि आम्हाला तेलुगू येत नाही. पाहावा का?

उत्तर : जरूर पाहा, आणि आईबाबांबरोबरच पाहा. वेणू येल्दंडी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२३ साली आला. तेलंगणातल्या खेड्यात कोमुरय्या हे आजोबा वारतात. नातू सायिलू कर्जात बुडालेला. लग्नातल्या हुंड्यावर ते फेडायचा त्याचा बेत आजोबांच्या जाण्याने बिघडतो. त्याला दुःख होत नाही, चिंता वाटते. हे इतक्या उघडपणे दाखवायला धाडस लागतं.

पुढे कावळा पिंडाला शिवत नाही. गाव कुजबुजू लागतं आणि घरातलं जुनं भांडण वर येतं. कोमुरय्यांचा मुलगा आणि जावई वीसेक वर्षं बोलत नाहीत. कारण काय, तर जेवणात मटणाची नळी जावयाच्या ताटात पडली नाही! मला हे अगदी खरं वाटलं. मोठी घरं शेताच्या बांधावरून फुटतात तशी मानापमानावरूनही फुटतात.

भाषेचं म्हणाल, तर उपशीर्षकं पुरतात. यातल्या ‘ऊरू पल्लेटूरू’ या गाण्यासाठी गीतकार कासर्ला श्याम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी लोकगायक मृताची कहाणी गातात, ते गाणं मात्र गाळून पुढे जाऊ नका. बाबांचं कुणा भावाबहिणीशी बोलणं बंद असेल, तर त्यांनाही बोलवा.