प्रश्न तुमचे : खंड पडलेली गाडीची पॉलिसी

प्रश्न : आमची 2019 ची 1200 सीसी पेट्रोल गाडी आहे. तीन-साडेतीन वर्षं मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, गाडी सोसायटीत झाकून उभी आहे. पॉलिसी मात्र दरवर्षी भरत होतो. ती यंदा 10 मार्चला संपली आणि भरायची राहून गेली. आता नोकरीसाठी रोज गाडी लागणार. एजंट म्हणतात, "मॅडम, इतकी वर्षं चालवली नाही, प्रीमियम वाढणारच." स्वस्तात कसं बसेल? (नाशिक, एप्रिलअखेर)

उत्तर : एजंटचं म्हणणं मनावर घेऊ नका. आपल्याकडे मोटार विम्याचा दर मुख्यतः गाडीवर ठरतो : मॉडेल, सीसी, गाडीचं वय, नोंदणीचं शहर. मधे किती वर्षं चालवली नाही, म्हणून साध्या पॉलिसीचा दर चढत नाही. इंग्लंड-अमेरिकेत चालकाचा इतिहास बघतात. तिकडच्या नातेवाइकांनी सांगितलेलं इथे लावण्यात अर्थ नाही.

महाग पडतो तो पॉलिसीतला खंड. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण झालं तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, टिकतो, त्यानंतर तो शून्यावर येतो. तुमचे 90 दिवस 8 जूनला भरतात. सलग पाच वर्षं एकही क्लेम नसेल तर बोनस 50 टक्के असतो. समजा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा प्रीमियम 6,000 रुपये निघाला, तर बोनसमुळे 3,000 वाचतात आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी धरून 3,540. दुसरी कुठलीही सूट याच्या जवळपास येत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर मात्र सरकारी आहे : 1 जून 2022 पासूनच्या तक्त्यात 1000 ते 1500 सीसीसाठी वर्षाला 3,416, जीएसटीसह 4,031. तिथे घासाघीस चालत नाही. फक्त थर्ड पार्टी घेऊन थांबलात तर बोनसच्या 90 दिवसांची मोजणी थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या.

खंड पडला की ओन डॅमेज देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी मागते. बहुतेक कंपन्या मोबाइलवर लिंक पाठवतात आणि व्हिडिओ तुम्हीच काढायचा असतो. नंबर प्लेटपासून सुरुवात करून गाडीभोवती पूर्ण फेरी, बॉनेट उघडून चासी नंबर, आतून-बाहेरून पुढची काच, शेवटी इग्निशन चालू करून ओडोमीटरचा आकडा. उभ्या गाड्यांचं घोडं अडतं ते इथेच. बॅटरी उतरलेली असते, डॅशबोर्ड लागत नाही, आकडा दिसत नाही आणि व्हिडिओ नापास होतो. म्हणून आदल्या दिवशी मेकॅनिकला घरी बोलवा, बॅटरी चार्ज करून घ्या, टायरमध्ये हवा भरा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा आणि गाडी धुऊन काढा. व्हिडिओ भर दिवसा काढा, बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली नको. जो पोचा आज दिसेल त्याची नोंद 'आधीचं नुकसान' म्हणून होते आणि पुढे त्याचा क्लेम मिळत नाही. काचेला तडा असेल तर आधी बदलून घ्या, काच बदलणाराही घरी येतो. गाडी स्वतः गॅरेजला नेऊ नका : विना विमा पकडल्यास पहिल्यांदा 2,000, पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड आहे, आणि अपघात झाला तर भरपाई खिशातून.

मग प्रीमियम कमी कसा करायचा? व्हॉलंटरी डिडक्टिबल हा प्रामाणिक मार्ग आहे. दर क्लेममध्ये ठरावीक रक्कम तुम्ही सोसायची, त्या बदल्यात ओन डॅमेजवर सूट. जुन्या टॅरिफच्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांना एकच असलेल्या दरपत्रकाच्या तक्त्यात 2,500 रुपये सोसल्यास 20 टक्के, पण सूट जास्तीत जास्त 750. 5,000 सोसल्यास 25 टक्के, कमाल 1,500. आज कंपनीगणिक आकडे वेगळे असतात, कोटेशनमध्ये दोन्ही पर्याय टाकून बघा. बऱ्याच वर्षांनी हात बसवणाऱ्याकडून पार्किंगमध्ये घासाघाशी होणार हे गृहीत धरून आम्ही 2,500 च्या वर जाऊ नका म्हणू. रोजचं अंतर कमी असेल तर किलोमीटरवर ठरणारी पॉलिसीही घेता येते. ठरवलेले किलोमीटर संपत आले की टॉप-अप आधी भरायचा.

आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा रक्कम, मुद्दाम खाली आणून हप्ता कमी दाखवणारं कोटेशन मात्र सरळ नाकारा. चोरी झाली किंवा गाडी पूर्ण मोडली, तर मिळायची ती तेवढीच रक्कम.

प्रश्न : माझं वय 58. लायसन्स संपून दोन वर्षं झाली. गाडीचा विमा आधी काढू की लायसन्स? (सोलापूर)

उत्तर : विमा लगेच काढा, तो गाडीचा असतो. पण लायसन्सशिवाय चालवताना अपघात झाला तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जाईल. समोरच्याला कंपनीने भरपाई दिली तरी ती तुमच्याकडून वसूल करू शकते. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कवचही वैध लायसन्स असेल तरच लागू होतं.

लायसन्स संपून एक वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर, सोबत डॉक्टरांचं फॉर्म 1-ए प्रमाणपत्र. चाचणीच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर आठवडाभर रिव्हर्स आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, एवढं घोटून घ्या. वयाची 55 ओलांडली असल्याने नवीन मुदत पाच वर्षांची मिळेल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गाडी विकून दुबईला गेलो, आता पुण्यात नवी घेतोय. जुना बोनस गेला का? (पुणे)

उत्तर : नाही. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्यावर जुन्या कंपनीकडून मिळणारं नो क्लेम बोनसचं पत्र तीन वर्षं चालतं. घेतलं नसेल तर विक्रीचा करार, नाव बदललेल्या आरसीची प्रत आणि जुनी पॉलिसी देऊन आता मागा. शोरूममधला माणूस नव्या गाडीचं कोटेशन बोनसशिवायच बनवतो, म्हणून पत्र हातात आल्यावरच पॉलिसीचे पैसे भरा. पत्र नसताना तोंडी '50 टक्के होता' असं सांगून बोनस लावून घेऊ नका : क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते आणि माहिती खोटी निघाली की क्लेम अडकतो.