पिठातला तांबडा भुंगेरा: कॅस्टेनियम की कन्फ्यूजम?

ताई, कोथरूडच्या घरी ज्वारीच्या पिठात सापडलेला भुंगेरा ट्रायबोलियम या पीठकिड्याच्या दोन जातींपैकी कुठला, कॅस्टेनियम की कन्फ्यूजम, हे तुम्हाला हवंय. फोटो मात्र पाठीचा आहे, आणि नुसत्या पाठीवरून हे ठरत नाही. दोन्ही ३ ते ४ मिलिमीटरचे, दोन्ही तांबूस तपकिरी. फिकट दिसतो म्हणून कन्फ्यूजम वाटला, असं तुम्ही लिहिलंय. पण कोषातून नुकता निघालेला कुठलाही ट्रायबोलियम फिकटच असतो, रंग नंतर चढतो. रंग सोडूनच द्या.

भुंगेरा छोट्या बाटलीत रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, नाहीतर मिशा (डोक्यावरच्या स्पर्शिका) मोडतात. मग पांढऱ्या कागदावर ओल्या ब्रशच्या टोकाने उताणा करा आणि डोक्याखालचं पीठ नीट पुसा. डोळ्याला चिकटलेल्या पिठामुळे मी एकदा अख्खी नोंद चुकीची केली होती, म्हणून हे आवर्जून सांगतोय. भिंग दहापटीचं हवं, लक्ष्मी रोडवरचे सराफ डोळ्याला लावतात तसं.

आता खालच्या बाजूने दोन डोळ्यांमधलं अंतर बघा. तिथे साधारण एकच डोळा मावेल एवढी जागा असेल तर कॅस्टेनियम. तीन डोळे मावतील एवढी असेल तर कन्फ्यूजम. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर आहे.

मग मिशा. कॅस्टेनियमच्या मिशीची शेवटची तीन पेरं एकदम फुगून गदेसारखी होतात, कन्फ्यूजमची मिशी टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. कन्फ्यूजमच्या डोळ्यावर भुवईसारखा कंगोराही असतो, पण तो दिसायला उजेड तिरपा लागतो.

कॅस्टेनियम उबदार हवेत उडतो, कन्फ्यूजम उडताना आढळत नाही. तेव्हा दिव्यावर उडत आला असेल तर कॅस्टेनियमकडे कल ठेवा. डब्यात नुसता चालत होता यावरून मात्र काहीच ठरवू नका. पुण्याची हवा कॅस्टेनियमला मानवणारी, माझा अंदाजही तोच आहे. पण ओळख गावावरून नाही, अंगावरच्या खुणांवरून लिहायची.

एकाच डब्यात दोन्ही जाती असू शकतात, त्यामुळे चार-पाच भुंगेरे तरी तपासा. डोक्याच्या खालच्या बाजूचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून टाका, मी डोळे मोजून सांगतो.