आधी वही, मग तक्ता : आहाराविषयी वाचकांचे प्रश्न

बहुतेक पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो : ‘कृपया डाएट चार्ट पाठवावा.’ वय, वजन, आजार, औषधं, रोजचं खाणं, कशाचाच पत्ता नसतो. असा तक्ता मी कोणालाही पाठवणार नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देते.

प्रश्न : माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४ आहे. नॉर्मलच ना?

नाही. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर रक्तातली साखर आणि चरबी तपासून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रोज काय खाल्लं ते वहीत लिहायला वेळ नाही. ताटाचे फोटो चालतील का?

चालतील. शेजारी चमचा ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येतो, आणि उरलेल्याचाही फोटो काढा. तेल आणि साखर फोटोत दिसत नाही, ती लिहावीच लागेल.

प्रश्न : आहारतज्ज्ञांनी अर्धा तास ‘काल काय खाल्लं’ एवढंच विचारलं आणि तीन दिवसांची वही लिहून आणायला सांगितली. फी घेतली, तक्ता दिलाच नाही. ही फसवणूक नाही का?

मुळीच नाही. पहिल्या पाच मिनिटांत छापील तक्ता हातात ठेवला असता, तर मात्र मी तुम्हाला दुसरीकडे जा म्हटलं असतं.

‘काल काय खाल्लं?’ याचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘विशेष काही नाही, दोन पोळ्या, भाजी, वरण-भात’ असंच असतं. खोटं कोणी बोलत नाही, आठवतच नाही. म्हणून फेऱ्या घ्याव्या लागतात. पहिल्या फेरीत नुसती यादी. दुसऱ्या फेरीत वेळेनुसार : उठल्यावर चहाबरोबर काय? मुलाच्या डब्यातलं उरलेलं कोणी संपवलं? ऑफिसात कोणाचा वाढदिवस होता? भाजी निवडताना फरसाणाचा डबा उघडला होता का? तिसऱ्या फेरीत माप : वाटी केवढी, पोळीला तेल लावता की तूप, चहात साखर किती. चार कप चहा आणि प्रत्येकी दीड-दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाची मर्यादा तिथेच संपली.

मग हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केले. आम्ही आहारतज्ज्ञ ते वापरतो. त्यांतली आकडेवारी मुख्यतः कच्च्या जिनसांची आहे. त्यामुळे ‘एक वाटी उसळ’ म्हणून भागत नाही. त्यात मटकी किती, खोबरं किती, फोडणीला तेल किती, हे कळावं लागतं. घरात तेल कमीच वापरतो असं सगळेच सांगतात. मी विचारते, महिन्याला किती आणता? चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम झालं. बैठं काम करणाऱ्याला २५-३० ग्रॅमच्या आसपास पुरतं.

एका दिवसावरून काही ठरत नाही, म्हणून वही तीन दिवसांची. त्यात एक सुट्टीचा दिवस हवाच, आणि उपवास करत असाल तर तोही लिहा. ‘आज उपवास’ एवढं लिहून पान कोरं सोडलेलं मला चालत नाही. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तळलेले वेफर्स हे सगळं खाणंच आहे. आणि वही लिहायची म्हणून त्या तीन दिवसांत शहाण्यासारखं खाऊ नका, नेहमीसारखंच खा. ती वही घेऊन परत त्याच आहारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : एका पॅकेजमध्ये रक्ताची ‘फूड इनटॉलरन्स’ चाचणी केली. गहू, दूध, अंडी, शेंगदाणे असे बरेच पदार्थ बंद करायला सांगितलेत. करू का?

करू नका. या चाचण्या बहुधा रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मोजतात. तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच त्यावरून कळतं. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं असूनही ती सर्रास विकली जाते, याचा मला संताप येतो. त्या यादीपायी मुलांचं दूध आणि अंडी बंद होतात. एखाद्या पदार्थाने खरंच त्रास होत असेल, तर त्रासाची वेळ वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं असं पूर्वी कधी झालं असेल, तर तो पदार्थ घरी चाखून बघू नका.

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे. सहा महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन २.१ आलं, पुन्हा दाखवायचं राहून गेलं. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणि रोज शहाळं सुरू केलंय. आणखी काय द्यावं?

दोन्ही आजच थांबवा. त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं आणि शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडं नीट काम करत नसली, आणि वाढलेलं क्रिएटिनिन तेच सुचवतं, की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या बरोबर न्या. सहा महिने फार झाले. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम व लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. डाळ-दूध मनाने बंद करू नका. प्रथिनं किती द्यायची ते रिपोर्ट पाहून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. त्याआधी सासूबाईंना धडधड झाली किंवा हातापायांतली शक्ती गेल्यासारखं वाटलं, तर उद्याची वाट न बघता थेट रुग्णालयात न्या.